मंडळीत ख्रिस्ती समुपदेशन सेवा सुरू करायची आहे. पाया कसा घालावा?

प्रश्न – ओंजळ

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेला साधारण दीडशे माणसे असतात. गेल्या दोन वर्षांत उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना गाठून आपले दुःख सांगणाऱ्यांची संख्या इतकी वाढली आहे, की पाळकबाई जेवायच्या थांबून राहतात आणि साहेब दुपार उलटल्यावर घरी पोचतात. नवरा-बायकोतला बेबनाव घेऊन येणारे असतात, दारू सुटत नाही म्हणून रडणारे असतात, मूल गमावलेले आईबाप असतात, आणि अलीकडे झोप लागत नाही, जगावेसे वाटत नाही, असे हळू आवाजात सांगणारी तरुण मुलेही असतात. साहेब प्रत्येकासाठी प्रार्थना करतात, एखादे वचन देतात. पण पुढच्या रविवारी तेच माणूस त्याच चेहऱ्याने पुन्हा समोर उभे असते आणि ते पाहून साहेबांचाही जीव कासावीस होतो.

वडीलवर्गाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, गेल्या सभेत असे ठरले की, मंडळीने समुपदेशन सेवा रीतसर सुरू करावी. तिचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आणि आणखी दोन भगिनींकडे आले आहे. मी समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम केला आहे. त्या दोघींपैकी एक निवृत्त परिचारिका आहेत आणि दुसऱ्या शाळेत शिकवतात. कळकळ तिघींनाही आहे, पण नुसत्या कळकळीवर माणसांच्या जखमांना हात घालण्याची मला भीती वाटते.

मला मुख्यतः तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जागा, समिती, प्रशिक्षण यांपैकी सुरुवात कशापासून करावी? ज्या मंडळीत सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे ऐकलेली गोष्ट पोटात ठेवण्याची व्यवस्था कशी लावावी? आणि सेवा अजून सुरूही झालेली नसताना शेजारच्या दोन मंडळ्यांनी 'आमच्याही लोकांना घ्या' असे कळवले आहे, तेव्हा वाढीचा विचार आताच करावा की थांबावे? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – जुना पाळक

ओंजळताई, तुम्हाला भीती वाटते हे वाचून मला समाधान वाटले. अशीच एक सेवा मी सुमारे वीस वर्षे सांभाळली. ज्यांना सुरुवातीला अजिबात भीती वाटली नाही, त्यांच्याकडूनच पुढे सर्वांत जास्त इजा झाली, असे मी पाहिले आहे. त्यांत मीही होतो.

सुरुवात जागेपासून करू नका आणि समितीपासूनही करू नका. ऐकायला शिकण्यापासून करा. आपल्या या कामाच्या इतिहासात मला जवळची वाटणारी दोन माणसे आहेत, आणि दोघांच्याही कामाचा आरंभ एका जखमेतून झाला. पहिले अँटन बॉइसन. हे अमेरिकेतले पाळक 1920 साली स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते. आपल्या आजारात आपल्याला औषध देणारे होते, बांधून ठेवणारे होते, पण आपल्याशी धड बोलणारा धर्मसेवक कोणी नव्हता, हे त्यांच्या मनाला लागले. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे तिथले धर्मसेवक, झाले आणि 1925 च्या उन्हाळ्यात त्यांनी ईश्वरविज्ञानाच्या चार विद्यार्थ्यांना तिथे कामाला आणले. ग्रंथ जितक्या आदराने वाचतो तितक्याच आदराने दुःखी माणसाला वाचायला शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. आज जगभर पाळकांना रुग्णालयात जे प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले जाते, त्याचे एक मूळ त्या चार विद्यार्थ्यांच्या उन्हाळ्यात आहे.

दुसरे चॅड व्हारा. इंग्लंडमध्ये तरुण पाळक असताना त्यांनी एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी केला. तिला पहिल्यांदा पाळी आली होती. हा काही लाजिरवाणा रोग आहे असे समजून तिने जीव दिला होता, कारण विचारायला तिच्याजवळ कोणी नव्हते. ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. पुढे लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे पाळक झाल्यावर, 2 नोव्हेंबर 1953 रोजी, त्यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. आता यातला जो भाग तुमच्या उपयोगाचा आहे तो सांगतो. समुपदेशन ते स्वतः करणार होते. काही स्वयंसेवक फक्त बाहेर बसून, वाट पाहणाऱ्या माणसांना सोबत करायला आले होते. थोड्याच दिवसांत असे लक्षात आले की, बाहेरच्या खोलीत कोणीतरी शांतपणे ऐकून घेतल्यावर कितीतरी जणांना आत जाण्याची गरजच राहत नाही. फेब्रुवारी 1954 मध्ये व्हारा यांनी फोनवर ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांच्या हाती दिले, आणि सॅमॅरिटन्स ही संस्था त्यावर उभी राहिली. ती पुढे कोणत्याही धर्माची राहिली नाही, हेही सांगायला हवे. पण तिचा उगम एका पाळकाच्या मनाला लागलेल्या टोचणीत आहे.

माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे ऐकणे शिकावे का लागते ते कळेल. मंडळीतल्या एका गृहस्थांची आठ वर्षांची मुलगी वारली होती. महिन्याभराने ते माझ्याकडे आले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून म्हणाले, "तिचं दप्तर अजून दाराच्या खुंटीला आहे." मी लगेच पवित्र शास्त्रातले, मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकातले, परमेश्वराने दिले आणि परमेश्वराने नेले, हे वचन सांगितले. त्यांनी मान हलवली, प्रार्थनेला डोळे मिटले आणि गेले. ते परत कधी आले नाहीत. पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला झालेला संवाद आठवून शब्दशः लिहून काढायला सांगत. मी हा संवाद लिहिला, आणि कागदावर पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की त्या माणसाने माझ्यासमोर दप्तर ठेवले होते आणि मी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. कोणत्या रंगाचे होते, आत काय होते, घरात ते कोण हलवू देत नाही, यातले काहीही मी विचारले नाही. वचन खोटे नव्हते. मी ते माझी अस्वस्थता झाकायला वापरले होते. त्याच ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तोवर त्यांचे सगळे बरोबर होते. त्यांनी तोंड उघडले आणि ते त्यालाच दोष देऊ लागले, हे आपण वाचतोच.

म्हणून माझे म्हणणे असे की, पहिले सहा महिने तुम्ही तिघींनी समुपदेशनाची पाटी लावू नये. आठवड्यातून एकदा बसून एकमेकींचे ऐकण्याचा सराव करावा, संवाद लिहून काढावेत, आणि कोणीतरी अनुभवी माणूस ते वाचून तुम्हाला प्रश्न विचारील अशी सोय करावी. या सुपरव्हिजनसाठी माणूस मंडळीबाहेरचा मिळाला तर उत्तम. तो मिळेपर्यंत सेवा सुरू करू नये, इतके मी याला महत्त्व देतो.

वाढीबद्दल दुसरे कोणी लिहिलेच, पण निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, काय सांगतो ते वडीलवर्गासमोर अवश्य वाचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक मोशेभोवती उभे असतात. ते पाहून सासरा स्पष्ट म्हणतो की तू जे करतोस ते बरे नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. तुमच्या पाळकसाहेबांची रविवारची दुपार अगदी हीच आहे.

उत्तर – मनोमार्ग

मी व्यवसायाने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि विश्वासाने ख्रिस्ती. वरच्या उत्तराला जोडून मी मर्यादांबद्दल लिहिते, कारण सेवेची मर्यादा पहिल्या दिवशी कागदावर लिहिलेली नसेल तर ती संकटाच्या दिवशी सुचत नाही.

1906 साली बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एलवुड वुस्टर या धर्मगुरूंनी डॉक्टरांच्या साथीने मनःस्वास्थ्याची सेवा सुरू केली, तेव्हा त्यांनी एक शिस्त घालून घेतली होती: आलेल्या माणसाची आधी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी आणि मगच त्याला या उपचारात घ्यावे. तरीही पुढे वैद्यकीय वर्तुळातून त्यांच्यावर बरीच टीका झाली, ती वेगळी गोष्ट. पण ती शिस्त शंभर वर्षांनंतरही मला अचूक वाटते. थायरॉईड बिघडलेल्या माणसाची मरगळ ही आध्यात्मिक कोरडेपणासारखी दिसू शकते. बाळंतपणानंतरचे नैराश्य हे आईच्या प्रेमाची उणीव म्हणून पाहिले जाऊ शकते. आणि ज्याला आवाज ऐकू येतात त्याच्या बाबतीत मंडळी महिनोन्‌महिने उपास-प्रार्थना करते आणि तेवढ्या काळात आजार मुरतो. प्रार्थना थांबवा असे मी म्हणत नाही. प्रार्थना चालू असतानाच डॉक्टरांकडे न्या, इतकेच म्हणते. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी उठवून खायला दिले, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला दिले. परमेश्वराचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर झाले. शरीराची विचारपूस आधी करण्याला शास्त्राचाच आधार आहे.

तुमच्या आराखड्यात एक यादी असायलाच हवी: कोणाला आपण घेणार नाही, लगेच पुढे पाठवणार. जीव देण्याची योजना मनात असलेला माणूस, भ्रम किंवा भास होणारा माणूस, दारू एकाएकी बंद केल्यावर थरथर किंवा झटके येणारा माणूस, खाणे जवळजवळ सोडून दिलेली मुलगी, आणि मुलावर अत्याचार होत असल्याची कुणकुण लागलेले कोणतेही प्रकरण. यातल्या प्रत्येकासाठी कोणत्या डॉक्टरांना, कोणत्या रुग्णालयाला, कोणत्या यंत्रणेला कळवायचे हे नावानिशी आणि दूरध्वनी क्रमांकासह आधीच ठरवून ठेवा. लहान मुलांवरच्या अत्याचाराबाबत आपल्याकडे कळवण्याचे कायदेशीर बंधन काय आहे, हे वकिलांकडून लेखी समजून घ्या. 'मंडळीत मिटवू' हा शब्द त्या खोलीत कधीही उच्चारला जाऊ नये.

'जगावेसे वाटत नाही' असे हळू आवाजात सांगणाऱ्या मुलांचा तुम्ही उल्लेख केला आहे. तो वाचून मी थांबले. त्यांच्यासाठी सेवा सुरू होण्याची वाट पाहू नका. आणि त्यांना सरळ शब्दांत विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलं आहे का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही समजूत चुकीची आहे, उलट कोणी मोकळेपणाने विचारले की माणसाला हायसे वाटते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका, हाताशी असलेली घातक वस्तू दूर करा आणि त्याच दिवशी त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.

आणखी एक गोष्ट, जी मंडळीत फार चुकते. नवरा मारहाण करतो अशी तक्रार असेल तर दोघांना एका खोलीत बसवून 'पती-पत्नी समुपदेशन' करू नका. त्या खोलीत ती बाई खरे बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिला एकटीला भेटा, ती सुरक्षित आहे का ते पाहा, आणि क्षमा, अधीनता यांवरची वचने तिच्यासमोर ठेवण्याची घाई तर मुळीच करू नका.

उत्तर – वचनाधार

वरील भगिनींचा अनुभव मोठा आहे आणि वैद्यकीय सावधगिरी मलाही मान्य आहे. तरीसुद्धा एक काळजी नम्रपणे मांडतो. मंडळीने समुपदेशन सुरू केले की हळूहळू पवित्र शास्त्र बाजूला पडते आणि मानसशास्त्राची परिभाषा येऊन बसते, हे मी दोन ठिकाणी पाहिले आहे. अमेरिकेतले पाळक जे ॲडम्स यांनी 1970 साली नेमक्या याच मुद्द्यावर मंडळ्यांना जागे केले. पाळकांनी माणसांचा सांभाळ तज्ज्ञांच्या स्वाधीन करून स्वतः फक्त उपदेश करत बसावे, हे त्यांना मान्य नव्हते. 'नूथेतेओ' या ग्रीक क्रियापदावरून, म्हणजे बोध करणे या अर्थावरून, त्यांनी आपल्या पद्धतीला नाव दिले. ज्या सेवेत पाप, पश्चात्ताप आणि कृपा हे शब्द उच्चारायला संकोच वाटू लागतो, ती सेवा चांगली असू शकेल, पण तिला ख्रिस्ती का म्हणावे? ओंजळताईंनी आपली भूमिका आधी स्पष्ट करावी, एवढीच विनंती.

उत्तर – मनोमार्ग

वचनाधार, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि आराखड्याच्या पहिल्या पानावर त्याचे उत्तर असले पाहिजे, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. येणाऱ्या माणसालाही ते आधी कळले पाहिजे: इथे प्रार्थना होईल का, शास्त्र वाचले जाईल का, नको असेल तर नाही म्हणता येईल का.

मात्र तुम्ही ज्या क्रियापदाचा उल्लेख केलात, ते थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, चौदाव्या वचनात येते, आणि तिथे ते एकटे येत नाही. अव्यवस्थित वागणाऱ्यांना बोध करा, जे धीर सोडून बसले आहेत त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, आणि सर्वांशी सहनशीलतेने वागा, असे प्रेषित पौल सांगतो. म्हणजे समोर बसलेला माणूस यातला कोण, हे ओळखण्याची जबाबदारी तो आपल्यावर टाकतो. ज्याला आधार हवा त्याला बोध केला तर आपण वचन मोडतो, आणि ज्याला बोध हवा त्याला नुसते गोंजारले तरी मोडतोच. हे ओळखण्याच्या कामी मानसशास्त्राची मदत होते, इतकाच माझा दावा आहे. फ्रँक लेक यांचे उदाहरण मला यासाठी मोलाचे वाटते. भारतात वैद्यकीय मिशनरी म्हणून काम केलेला हा इंग्रज डॉक्टर पुढे मनोविकारतज्ज्ञ झाला आणि 1958 पासून त्याने इंग्लंडमध्ये पाळकांसाठी वर्ग सुरू केले. त्याच्या सगळ्याच सिद्धान्तांशी मी सहमत नाही, पण क्रूसावरच्या ख्रिस्ताला समोर ठेवूनच तो मानसिक वेदनेचा विचार करत असे.

उत्तर – एक विश्वासणारी

मी समुपदेशक नाही. समुपदेशन घेतलेली आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

माझे लग्न मोडण्याच्या बेतात होते तेव्हा मी माझ्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंकडे जात असे. त्या प्रेमळ होत्या, आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. मी त्यांना एक गोष्ट सांगितली होती, जी माझ्या आईलाही माहीत नव्हती. त्याच आठवड्यात, बुधवारच्या प्रार्थनासभेत, त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली: "प्रभू, आमच्यातली एक लेक आहे, तिच्या घरात असं असं चाललं आहे, तिला सांभाळ." माझे नाव त्यांनी घेतले नाही. पण मी तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि आमेन म्हणून डोळे उघडल्यावर माझ्या शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला. तेव्हा मला समजले की सगळ्यांना समजले आहे. त्यानंतर दोन वर्षे मी उपासनेला गेले नाही.

यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच मी हे लिहिते आहे. चहाड्या करणे पाप आहे हे सगळ्यांना माहीत असते. पण 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सांगितले की तीच गोष्ट पवित्र वाटू लागते, आणि ती सांगणाऱ्याला आपण काही चुकीचे करत आहोत असे वाटतही नाही. तुमच्या नियमांत हे एक वाक्य स्पष्ट लिहा: त्या खोलीत ऐकलेली गोष्ट नावाने, नावाशिवाय, खुणेने किंवा प्रार्थनेच्या रूपानेही बाहेर जाणार नाही. पाळकसाहेबांनाही सांगायची असेल तर त्या माणसाला विचारून. समुपदेशिकेने आपल्या नवऱ्यालाही सांगायची नाही. आणि ज्या परिस्थितीत सांगावीच लागेल, म्हणजे जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल, ती परिस्थिती कोणती हे पहिल्याच भेटीत, माणूस काही बोलण्याआधी, सांगून टाका. मला कोणी असे सांगितले असते तर काय सांगायचे आणि काय नाही, ते मी ठरवले असते.

माझे लग्न टिकले. ज्यांच्याकडे पुढे मदत मिळाली, त्यांची खोली चर्चच्या आवारात नव्हती, आणि तिथे कोण येते-जाते हे बसल्या जागेवरून कोणाला दिसत नव्हते. ही बाब लहान वाटेल, पण त्या दाराशी जायला मला पंधरा दिवस लागले होते. दारासमोर ओळखीचे कोणी उभे असते तर मी परत फिरले असते.

उत्तर – हिशेबनीस

एका समुपदेशन सेवेचे जमाखर्च आणि कार्यालय मी अकरा वर्षे पाहिले. वाढीबद्दल लिहितो.

न्यूयॉर्कच्या मार्बल कॉलेजिएट चर्चचे पाळक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्याकडे येणाऱ्यांचे दुःख त्यांच्या आवाक्याबाहेरचे होऊ लागले, तेव्हा त्यांनी मनोविकारतज्ज्ञ स्मायली ब्लँटन यांना सोबतीला घेतले आणि 1937 साली चर्चमध्येच एक चिकित्सालय सुरू केले. त्या कामाची स्वतंत्र संस्था 1951 साली झाली. म्हणजे पाळकांची आणि डॉक्टरांची ही जोडी चौदा वर्षे काम करत होती आणि नोंदणीकृत रूप नंतर आले. याच्या उलट, आधी संस्था, लेटरहेड, उद्‌घाटन, आणि मग समुपदेशक शोधत फिरणे, असा क्रम मी जवळून पाहिला आहे; त्या सेवेचे दार तीन वर्षांत बंद झाले. सिडनीच्या ॲलन वॉकर यांच्याकडे एका निराश माणसाचा फोन आला होता आणि त्याने नंतर आत्महत्या केली. त्यानंतर वॉकर यांनी दूरध्वनी सेवा उभी करायला घेतली, पण आधी स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले आणि मगच, मार्च 1963 मध्ये, लाईफलाईनचा फोन सुरू केला. पोळलेल्या मनाने काम हाती घेऊनही त्यांनी तयारीला वेळ दिला, हे मला विशेष वाटते.

शेजारच्या मंडळ्यांना आता नाही म्हणा, पण दार लावू नका. त्यांना सांगा की तुमच्यातली दोन माणसे आमच्या ऐकण्याच्या सरावाला पाठवा. दोन वर्षांनी त्यांच्याकडे त्यांची सेवा असेल, आणि शिवाय एका मंडळीतल्या माणसाला दुसऱ्या मंडळीतल्या समुपदेशिकेकडे पाठवता येईल. वरच्या भगिनींनी जी व्यथा सांगितली, तिच्यावर मला माहीत असलेला हाच सर्वांत साधा उपाय आहे. आमच्याकडे तीन मंडळ्यांनी अशी अदलाबदल केली आणि येणाऱ्यांची संख्या त्यानंतरच खऱ्या अर्थाने वाढली.

संख्येचेही सांगतो. वडीलवर्ग दर तीन महिन्यांनी 'किती लोक आले' हे विचारील. ते विचारणे त्यांचे कर्तव्य आहे. पण अहवालात आकड्यांपलीकडे काही जाऊ देऊ नका. लहान मंडळीत 'एक विधवा, दोन मुले' एवढे लिहिले तरी ओळख पटते. आणि आकडा वाढला म्हणजे सेवा वाढली असे मानू नका. किती जणांना वेळेवर डॉक्टरांकडे पाठवले, किती समुपदेशिकांची सुपरव्हिजन चुकली, किती जणींना सुट्टी मिळाली, हे आकडे मी जास्त काळजीने पाहत असे. एका समुपदेशिकेला आठवड्यात चारपेक्षा जास्त भेटी द्यायच्या नाहीत, असा आमचा नियम होता, कारण सगळ्याजणी घर आणि नोकरी सांभाळून येत. हा नियम एकदाच, नाताळच्या आधी, गर्दीमुळे मोडला, आणि जानेवारीत आमच्या सर्वांत चांगल्या समुपदेशिकेने काम सोडले.

पैशाबद्दल थोडक्यात: मंडळीच्या सामान्य निधीतून वेगळे खाते करा, देणगी देणाऱ्याला कोणाचीही माहिती मागण्याचा हक्क नाही हे त्याला आधीच कळवा, आणि जो समुपदेशन घेतो आहे त्याच्याकडून देणगी मागू नका. मोठी देणगी देणाऱ्याचाच मुलगा उद्या तुमच्या खोलीत येईल, तेव्हा या नियमाचे महत्त्व कळेल.

ओंजळ

तुम्हा सर्वांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत कळत नाही. उत्तरे मी छापून घेतली आणि काल आम्ही तिघी पाळकसाहेबांकडे बसून ती वाचली. त्या तरुण मुलांबद्दलचा भाग वाचल्यावर साहेबांनी तिथूनच त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांना फोन केला, आणि आज सकाळी ते दोघे साहेबांसोबत डॉक्टरांकडे जाऊन आले.

'एक विश्वासणारी' भगिनींचे उत्तर आमच्या परिचारिका भगिनींनी मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर पाळकबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मीसुद्धा असं केलं आहे. कोणाच्या बाबतीत, ते मला आठवतंय." प्रार्थनासभा त्याच चालवतात. पुढच्या बुधवारी त्या हा नियम सभेसमोर स्वतः मांडणार आहेत, आणि त्या आधी त्या व्यक्तीच्या घरी जाऊन येणार आहेत.

सेवेची तारीख आम्ही ठरवलेली नाही. सुपरव्हिजनसाठी दुसऱ्या एका मंडळीतल्या अनुभवी समुपदेशिका महिन्यातून दोनदा वेळ द्यायला तयार झाल्या आहेत, आणि शेजारच्या दोन्ही मंडळ्यांना सरावासाठी प्रत्येकी दोन माणसे पाठवा असे आज कळवले. वचनाधार यांच्या प्रश्नावर मात्र आमच्यात अजून चर्चा चालू आहे. पहिले पान तीनदा लिहून झाले, चौथ्यांदा लिहू.

एकच शंका उरली आहे. जुन्या पाळकसाहेबांनी संवाद शब्दशः लिहून काढण्याबद्दल सांगितले. ते कागद नंतर कुठे ठेवायचे?

जुना पाळक

ठेवायचे नाहीत. नाव, गाव, नाते काहीही न लिहिता फक्त बोलणे लिहायचे, सुपरव्हिजनच्या खोलीत वाचायचे, आणि त्याच खोलीत, सगळ्यांसमोर, फाडून टाकायचे. ज्या नोंदी कायद्याने किंवा पुढच्या उपचारांसाठी ठेवाव्या लागतात त्या वेगळ्या; त्या कुलपात, आणि किल्ली दोघींकडेच. दप्तराचा तो संवाद मी त्या दिवशी तसाच फाडला. मला तो पाठ आहे, आणि तो सांगण्यासाठी त्या गृहस्थांची परवानगी मी पुढे, अकरा वर्षांनी, त्यांच्या घरी जाऊन घेतली. दप्तर तेव्हाही खुंटीलाच होते. निळे होते.